दार उघडताना

खरी गोष्ट पन्नासाव्या मिनिटाला येते.
त्याआधी एकोणपन्नास मिनिटं
सून, गुडघा, पगार, गॅसचं बिल.

मग माणूस उठतो, मफलर गुंडाळतो,
दाराच्या मुठीवर हात ठेवतो
आणि माझ्याकडे पाठ असतानाच म्हणतो,
"तसं, मंगळवारपासून मी जेवलेलो नाही."

पुंता अरेनासमध्ये दारं हट्टी असतात.
सामुद्रधुनीवरून निघालेला वारा थेट आमच्या गल्लीत,
खांद्यानं रेटल्याशिवाय फळी हलत नाही.
म्हणून इथे ते वाक्य जरा लांबतं,
क्रियापदापर्यंत पोचायला माणसाला वेळ मिळतो.
बिनवाऱ्याच्या गावातल्या थेरपिस्टांच्या हाती
नुसता कर्ता लागत असेल.

एलिएसेर बार्रिया, खेकड्यांच्या बोटीवरचा मेकॅनिक.
इंजिनाला कान लावून सांगतो कुठला बोल्ट सैल आहे.
स्वतःबद्दल विचारलं की एकच शब्द: बरं.
मी म्हटलं, पुढच्या वेळी तो शब्द
चिखलाच्या बुटांसारखा बाहेर काढून ये.
आला. बसला. चाळीस मिनिटं गप्प.
दुसरा शब्दच नव्हता बिचाऱ्याकडे.
मग, टोपीची शिवण उसवत,
"इंजिन बंद केल्यावर गार होताना
ते टिकटिकत राहतं ना...
रात्री. इथे."
आणि हात बरगडीवर.

मी वहीत निदानाचा रकाना
त्या दिवशी कोराच ठेवला.

नेवेंका, वय चौऱ्याहत्तर,
मेलेल्या नवऱ्यावर अजून रुसलेली.
त्याच्या कपात ती आता बटणं ठेवते
आणि एखादं बटण तुटलं की
मुद्दाम दुसरीकडे शोधते.
काल निघताना, मुठीवर हात, पाठमोरी:
"आणि तुमचं काय हो?
तुमचा आवाज हल्ली तळघरातून येतो."

"तुम्हाला असं का वाटलं?"
मी विचारलं.
इतक्या सफाईनं परतवला मी तो प्रश्न
की माझी मलाच चीड आली,
पण ती जरा उशिरा,
भांडी विसळताना.

लोकांना मी सांगते, दिवसातून एकदा थांबा,
खांदे कुठे आहेत ते बघा.
आज बघितले.
कानांशी होते.
केव्हापासून? बहुतेक मार्चपासून,
पोर्वेनीरहून भावाचा निरोप आला तेव्हापासून.
एक मिनिट बारा सेकंदांचा आवाज,
फोनमध्ये, न ऐकलेला.
रोज अंगठा त्याच्यावरून असा फिरतो
जसा आपण दुखऱ्या दाताच्या बाजूनं घास फिरवतो.

सहा वाजता शेवटचा माणूस गेला.
मी दिवा मालवला, मफलर गुंडाळला,
मुठीवर हात ठेवला, खांदा लावला,
आणि वाऱ्यानं दार धरून ठेवलं तेवढ्यात
रिकाम्या खोलीकडे पाठ करून म्हणाले,
"तसं, बाबा गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं."

क्रियापदासकट.

वर छताचा पत्रा फडफडला, एवढंच.

मग मी मफलर काढला.
माझ्या खुर्चीत नाही, त्यांच्या खुर्चीत बसले.
इथून घड्याळ दिसत नाही,
हे मला माहीत होतं, मीच तसं लावलंय.
इथून खिडकीतला अर्धा विजेचा खांब दिसतो,
आणि माझी खुर्ची,
वाटते त्याहून बरीच उंच.

निरोप लावला.
आधी नुसता वारा, मग रोलांदोचं खाकरणं,
मग माझं लहानपणीचं नाव.

ऐकताना मी पुढे झुकले
आणि खुर्ची डुगडुगली.
उजवा, मागचा पाय.
एकोणीस वर्षं माणसं या पायावर तोल सावरत
आपापलं दुःख सांगत आली,
आणि मी विचारलं, नीट बसलात ना,
तर सगळे म्हणाले, बरं आहे.

एलिएसेरनं तर नक्की ऐकलं असणार.
गुरुवारी विचारते त्याला,
पाना घेऊन येशील का.